निरोगी नमुना

४ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं कधी पुरं होत नाही. तू मध्येच साखर तपासायला उठतेस आणि मी मशीन वाजलं म्हणून पळते. कागद टाकून निदान कोणी उठून जात नाही, म्हणून हे पत्र.

भिंगरीच्या रक्ताची ट्यूब आमच्या प्रयोगशाळेत पोचली असेल. 'असेल' म्हणते, कारण मला ती ओळखता येणार नाही. ज्या मुलांना मधुमेह आहे त्यांच्या भावंडांचं रक्त आम्ही सध्या तपासतोय, आणि ट्यूबवर फक्त नंबर असतो. तो कोणाचा हे वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनाच ठाऊक. मावशी आत बसली आहे म्हणजे वशिला लागेल, असं भाऊजींना वाटत असेल तर त्यांना सांग, इथे मावशीला कुत्रं विचारत नाही.

धाकटी भिंगरी ठणठणीत असताना तिला टोचायचं कशाला, असं तू विचारलं होतंस. साखर वाढायच्या कितीतरी आधी, कधी कधी वर्षानुवर्षं आधी, शरीर आपल्याच स्वादुपिंडावर उठलेलं असतं. त्याच्या खुणा, म्हणजे अँटिबॉडी, रक्तात सापडतात. सापडल्या तर आजार पुढे ढकलता येतो का, यासाठी एका औषधाची चाचणी सुरू आहे. ते औषध मात्र साखर वाढायच्या आधीच घ्यावं लागतं.

इकडे कामाची बोंब आहे. तपासणीच्या वेळी शेजारी एका निरोगी माणसाचं रक्त लावावं लागतं, म्हणजे मशीन बरोबर चाललंय हे कळतं. ते आम्ही प्रयोगशाळेतलेच लोक आळीपाळीने देतो. तपासणीचं नवं किट आलं त्यात तो निरोगी नमुनाच आजारी दिसतोय! मी किटचा अख्खा खोका परत पाठवला आणि कंपनीला असं खरमरीत पत्र लिहिलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असतील.

तुझ्या थोरलीला आजीबाई हे नाव मी ठेवलं तेव्हा ती चार वर्षांची होती. आता दहाव्या वर्षी ती स्वतःचं इन्सुलिन स्वतः मोजते आणि वर तुलाच शिकवते, म्हणजे नाव सार्थ झालं. तिला पापा, भिंगरीला दोन.

लोभ आहेच, पत्राला उशीर केलास तरी कमी होणार नाही.

तुझी,
छोटी


१६ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू कंपनीला काय लिहिलं असशील ते मी न वाचताही सांगू शकते. लहानपणी शेजाऱ्यांकडे भांडायला तुलाच पुढे करत असू.

आजीबाई बरी आहे. शाळेच्या सहलीला एकटी जाणार म्हणून अडून बसली होती. शेवटी बाईंनी मलाही बसमध्ये घेतलं, तेव्हा हिने माझ्याशी ओळखच दाखवली नाही. खिशात बिस्किटं मात्र गुपचूप माझ्याकडूनच नेली.

आता तुला आवडणार नाही असं लिहिते. भिंगरीचं रक्त दिलं ते यांच्या आग्रहाखातर. निकाल मला नको आहे. यांना हवा आहे, त्यावरून आमची चांगलीच जुंपली. दोघांनी मिळून मागितल्याशिवाय डॉक्टर सांगत नाहीत, म्हणून प्रकरण माझ्यापाशी अडलंय. हे म्हणतात, आधी कळलं तर तयारी होते. मी म्हटलं, थोरलीच्या वेळी आदल्या दिवसापर्यंत काही माहीत नव्हतं, तर आदल्या दिवसापर्यंत घरात सुख होतं. एकीचं दुखणं मी शिकले, निभावतेय. दुसरीकडे मला उगीच डोळे फाडून बघत बसायचं नाही. ती पाच वर्षांची आहे, दिवसभर गोल गोल फिरते, फिरू दे.

तू मध्ये पडू नकोस. तब्येतीला जप, मागच्या फोटोत फार वाळलेली दिसलीस. एकटीसाठी म्हणून स्वयंपाकाचा कंटाळा करत असशील.

आशीर्वाद आहेतच, वेळेवर जेवलीस तर आणखी देईन.

तुझी,
ताई


९ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. काम बरंच होतं.

एक विचारायचं होतं. आजीबाईचं दुखणं कळलं त्या पहिल्या महिन्यात तुला सगळ्यात जड काय गेलं? सुई टोचणं, की ते आता कायमचं आहे हे पटणं? इतक्या वर्षांत मी तुला हे कधी विचारलंच नाही. दवाखान्यात मधुमेही मुलांच्या नवीन आयांना सुई टोचायला शिकवते तेव्हा त्या मला असं काही विचारतात आणि मी छापील उत्तर देते.

निकाल घ्या असं मी तुला सांगू शकत नाही, तसा नियमच आहे, आणि तू मध्ये पडू नकोस म्हणालीस तेही लक्षात आहे. पण कळलेलं बरं असतं, असं मला आता वाटायला लागलंय.

भाऊजींशी भांडू नकोस. मुलींना आठवण सांग.

लोभ असू दे.

छोटी


१४ मार्च

चि. छोटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तू मला एका ओळीतही चिडवलेलं नाहीस. भिंगरीसाठी पापा नाही. भाऊजींना टोमणा नाही. असं पत्र तू जन्मात लिहिलेलं नाहीस. नंबर कोणाचा ते ठाऊक नसतं म्हणालीस, पण तुला कळलंय. नियम आहे म्हणून तोंड शिवून बसली आहेस आणि आडून आडून मला तयार करते आहेस. मी तुझी मोठी बहीण आहे, मला शेंड्या लावू नकोस.

गेले काही दिवस भिंगरीने पाण्याचा पेला उचलला की आजचा कितवा ते मी मोजते. आजीबाईच्या मशीनवर दिवसातून चार-चारदा तिची बोटं टोचते. आकडा चांगला येतो, तरी परत टोचते. काल ती मला बघून पलंगाखाली लपली. शेवटी आजीबाईनेच माझी कानउघाडणी केली. म्हणाली, आई, तिला काही झालेलं नाही, झालंय ते तुला.

हे एकदाही 'मी सांगत होतो' म्हणाले नाहीत, याचंच जास्त वाईट वाटतं. आम्ही दोघांनी निकाल मागितला आहे. सोमवारी बोलावलंय. त्याआधी तुझं उत्तर मिळणार नाही हे मला कळतं, तरी विचारते, खरं काय ते सांग. माझ्यापासून काहीही लपवू नकोस.

ताई


१९ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ताच हातात पडलं. सोमवार होऊन गेला. काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि आजीबाईची शपथ घेऊन सांगते, आधीही ठाऊक नव्हतं. भिंगरीचा नंबर मला आजही माहीत नाही. फोन चार वेळा उचलला आणि ठेवला.

तुझ्या बोटं टोचण्याला मी कारण झाले. पलंगाखालचं वाचून मला भडभडून आलं.

झालं ते असं. कंपनीने दुसरं किट पाठवलं. त्यातही निरोगी नमुना आजारी निघाला. मी तेही परत पाठवलं आणि आधीपेक्षा तिखट पत्र लिहिलं. तिसरं आलं, तेव्हा आमच्या प्रमुख बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी शांतपणे विचारलं की हे निरोगी रक्त या खेपेला कोणाचं आहे. माझं होतं, ताई, पहिल्या किटपासून माझंच. किटला शिव्या घातल्या, मशीन दोनदा उघडलं, वीज कमी-जास्त होते म्हणून वायरमनला बोलावलं. माझं स्वतःचं रक्त काही सांगत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग साखर बघितली. वाढली आहे, फार नाही. मोठ्या माणसांत हे हळूहळू चढतं, म्हणून लक्षात येत नाही. मी वाळलेली दिसले ते स्वयंपाकाच्या कंटाळ्यामुळे नव्हतं. डॉक्टर म्हणाले, थोडं इन्सुलिन आत्तापासूनच घ्या. त्याचं सुईवालं पेन आणून फ्रिजमध्ये ठेवलंय. सरसकट सगळ्यांना सुई शिकवणारी मी, रोज फ्रिज उघडते, पेनाकडे बघते आणि दूध काढून दार लावते. भीती वाटते, ताई. सरळ सांगते, खूप भीती वाटते.

भिंगरीच्या निकालावरून तुमची ओढाताण चाललेली, त्यात माझं हे तुझ्या डोक्यावर घालायचं नव्हतं. म्हणून मागचं पत्र तसं झालं. कंपनीला माफीचं पत्र लिहिलं. त्यांनी उत्तरात माझ्या प्रकृतीची चौकशी केली, फार लाजले.

भिंगरीचं काय ते कळव. काहीही असलं तरी कळव.

तुझीच,
छोटी


२३ मार्च

चि. छोटीस,
खूप खूप आशीर्वाद.

भिंगरीच्या रक्तात काही नाही. डॉक्टर म्हणाले, अधूनमधून तपासत राहू, पण आज काही नाही. मी तिथेच मोठ्याने हसले. डॉक्टरही हसले. परत येताना तिला हवी ती खेळणी घेऊन दिली. त्यानंतर तीन दिवस या घरात कोणी कोणावर रागावलं नाही. मग तुझं पत्र आलं.

तुला एक सांगायचं आहे. ते फोनवर माझ्याच्याने बोलवणार नाही आणि यांनाही मी बजावलंय की कोणापाशी काढायचं नाही. सोमवारी दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मी मध्येच थांबले. तेव्हा मी यांना म्हणाले, कोणालाही होऊ दे, पण हिला नको. दोनदा म्हणाले. कोणालाही. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कोणीच नव्हतं गं. कोणाचा चेहरा नव्हता.

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ मोरीत नळ सोडून बसले होते.

आता रडणं पुरे. तू विचारलं होतंस, पहिल्या महिन्यात जड काय गेलं. सुई नाही. सुई चार दिवसांत हाताला बसते. जड गेलं ते एकटीने घास मोजणं. म्हणून मी शनिवारी येतेय, महिनाभर राहणार. मुलींना हे बघतील. आजीबाईने तर मला सूचना देऊन ठेवल्या आहेत, पोट चिमटीत धर, दहा मोज, मावशीला गोष्ट सांगू नकोस, ती लहान नाही.

पेनाला तू हात लावू नकोस. डॉक्टरांना शनिवारपर्यंत थांबलं तर चालेल का एवढं विचार, नाहीतर फोन कर, मी त्याच दिवशी निघते. पहिली सुई मी टोचणार. मुलीला टोचताना माझा हात कधी कापला नाही. तुला टोचताना कापेल. ओरडू नकोस.

तुझी,
ताई