आठ दिवसांच्या रजेसाठी चार ऋतूंची चौकशी

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या भटक्या भाच्याने गारठलेल्या हातांनी केलेला नमस्कार गोड मानून घे. गुडघे कसे आहेत? तुमच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर (ज्या स्वतः कधी रजा घेत नाहीत आणि दुसरीने घेतली की ज्यांना ताप भरतो) कशा आहेत? बाबांची तब्येत मी विचारत नाही, कारण त्यांनी माझी विचारलेली नाही. मी खुशाल आहे. म्हणजे सर्दी आहे, हातावर चटक्याचा डाग आहे आणि एका विजारीवर हिरवे पट्टे उमटलेत, पण ते सोडलं तर खुशाल.

आता तुझ्या कामाचं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा तुला सलग आठ दिवसांची रजा मिळणार, येत्या वर्षात कधीही घे, पण तारीख या महिनाअखेरीला अर्जात भरायची आणि एकदा भरली की हलवायची नाही. तू गेल्या वर्षीच मला म्हणालीस, तू नाहीतरी कुठेतरी उंडारतच असतोस, तर त्या डोंगरातल्या तलावाच्या गावी प्रत्येक ऋतूत एकदा जा आणि मी कधी जावं ते मला सांग. मी गेलो. चार वेळा गेलो. आणि आत्या, चारही वेळा माझी जी फसवणूक झाली ती वाचून तू अर्ज फाडून टाकलास तरी मी तुला दोष देणार नाही.

उन्हाळ्यापासून सांगतो. उन्हाळ्यात तिथे तलाव नसतो, माणसं असतात. काठावर कठडा आहे, कठड्याला चिकटून चार रांगा माणसं, आणि मी पाचव्या रांगेत. मी तलाव पाहिला तो पुढच्या माणसाच्या मोबाइलमध्ये, तोसुद्धा त्याने स्वतःचं तोंड मध्ये आणलं नव्हतं तेवढा वेळ. म्हटलं, बोटीत बसू. बोटी नंबराने मिळतात, ज्याची पाळी त्याच्याच बोटीत बसायचं. माझ्या वाट्याला आला एक गवती टोपी आणि काळा चष्मा घातलेला बोटवाला. त्याने मला बसवलं, काठापासून दहा हात आत नेलं आणि म्हणाला, खांदा दुखतोय, जरा धर. ते वल्हं मी पाऊण तास धरलं, आत्या. तो समोर बसून शेंगदाणे खात होता आणि माझं चुकतंय कुठे ते सांगत होता. उतरताना वर मलाच म्हणाला, पावसाळ्यात यायला हवं होतं, गर्दी नसते.

(मध्येच आठवलं म्हणून सांगतो, बस थांबते तिथे एक भाजलेली कणसं विकणारी बाई आहे, तिची कणसं उत्तम. पण ती फक्त मंगळवारी बसते. का मंगळवारी, हे मी तिला विचारलं तर तिने मलाच विचारलं की मी मंगळवारीच का येत नाही. असो.)

तर पावसाळ्यात गेलो. गर्दी नव्हती, हे खरं. काहीच नव्हतं. धुकं इतकं की तलाव कुठे आहे हे मला गुडघ्यापर्यंत पाण्यात गेल्यावर कळलं. फोन लागत नाही, लॉजवर दहाच्या आधी कोणी उठत नाही, चादर अंगावर घ्यावी की पिळावी असा प्रश्न. नाक्यावर भाड्याने छत्र्या मिळतात. तिथे नाकापर्यंत रेनकोटची टोपी ओढलेला एक माणूस होता. त्याची अट ऐक: छत्री परत देताना कोरडी असली पाहिजे, नाहीतर अनामत मिळत नाही. पावसाळ्यात कोरडी छत्री. मी चहाच्या दुकानात चुलीपाशी चार तास छत्री धरून बसलो (हाताचा चटका तो इथला), तर तो आपल्या आणखी सहा छत्र्या माझ्याकडे सरकवून गेला, बसलाच आहेस तर याही वाळव म्हणून. मी वाळवल्या. पण वाळवता वाळवता मी त्याला मनातलं सगळं सांगितलं, की तुमच्या गावचा तो उन्हाळ्यातला बोटवाला एक नंबरचा चोर आहे. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, माणूस तसाच आहे तो. पहिल्यांदा या गावात कोणीतरी माझ्या बाजूने बोललं, मला बरं वाटलं. पाऊस संपला की या, तो म्हणाला, तेव्हा आभाळ काचेसारखं असतं.

आभाळ काचेसारखंच होतं. फक्त तलावात पाणी नव्हतं. बांधाची झडप दुरुस्त करायला गावकऱ्यांनी ते सोडून दिलं होतं, दरवर्षी सोडतात, आणि ही गोष्ट गावात कोणाला सांगण्यासारखी वाटत नाही. चिखल, चिखलावर उलट्या घातलेल्या बोटी, आणि नाकातोंडाला फडकं बांधून त्या रंगवणारा एक माणूस. मी विषण्ण होऊन बाकावर बसलो. बाकही त्यानेच रंगवला होता (विजार). रंग उतरवायला रॉकेल देतो म्हणाला, तोवर हा डबा धर, आणि मग हा ब्रश धर. तीन बोटी झाल्या. रंगवताना मी त्याला छत्रीवाल्याची हकिगत सांगितली. असा लबाड माणूस मी जन्मात पाहिला नाही म्हटलं. फडक्याआडून तो म्हणाला, लोक सांगतात खरे तसं.

आणि आता हिवाळा. सगळं बंद. बोटींवर ताडपत्र्या, दुकानांना फळ्या, काठाला बर्फ. लॉजच्या मालकीणबाईंनी मला तलावाकडच्या खिडकीची खोली दिली आणि खिडकीतून वारा येतो म्हणून बाहेरून फळ्या ठोकल्या होत्या. सकाळी शेगडी पेटवायला माकडटोपी घातलेला एक माणूस येतो. ओंडके तळघरातून आणावे लागतात, आणि ते कोणी आणले हे तू ओळखलं असशीलच. ओंडके रचता रचता मी त्याला त्या आळशी रंगवाल्याबद्दल सांगायला लागलो. एवढ्यात शेगडी तापली, त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाला:

"बोटवाला चोर, छत्रीवाला लबाड, रंगवाला आळशी. शेगडीवाल्याबद्दल जे काही असेल ते आत्ताच सांगून टाक बाबा, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत मला वाट बघायला नको."

आत्या, तो एकच माणूस होता. वर्षभर मी त्याची तक्रार त्याच्याचकडे करत होतो, आणि वर्षभर त्याने मला दुजोरा दिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली (त्या खोलीत शेगडीखालोखाल तेवढीच काय ती ऊब). मी विचारलं, हा काय प्रकार आहे, एक माणूस चार धंदे करून लोकांना फसवतो? तर तो म्हणाला, फसवतो कसला, इथे कुठलंच काम तीन महिन्यांच्या वर पुरत नाही, मग टोपी बदलावी लागते. सगळं गावच असं आहे. ती कणसवालीसुद्धा बाकीचे दिवस पोस्टात शिक्के मारते.

असं हे गाव. एकाही ऋतूत धड नाही, एकही माणूस एका जागी नाही. सिस्टरबाईंना सांग आणि रजा परत कर, किंवा घरीच खिडकीपाशी खुर्ची घेऊन बस, निदान तुझ्या खिडकीला फळ्या नाहीत. मोठ्यांना नमस्कार, लहान कोणी असल्यास आशीर्वाद.

तुझा,
भाचा

ता. क. पत्राची घडी घालण्याआधी एक सांगायचं राहिलं. त्या माणसाचा खांदा खरंच गेलाय. शेंगदाणे खायचा तेव्हाही गेलेलाच होता, मला ते ढोंग वाटलं. येत्या उन्हाळ्यात त्याला वल्हं धरवणार नाही. तो म्हणाला, मला माणूस हवाय, आणि तू आमची चारही कामं केलीस, चारही वेळा कुरकुर केलीस, पण एकही अर्धवट टाकलं नाहीस. मी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं, की छापखाना, टायरचं दुकान, बेकरी, मी कुठेच तीन महिन्यांच्या वर टिकलेलो नाही. तो म्हणाला, मग तर फारच छान. मी हो म्हटलंय. बोटघराच्या माडीवर खोली मिळालीय.

दुसरा ता. क. हे बाबांना तू सांग. मी सांगितलं तर त्यांना ही चौथी थाप वाटेल. तू सांगितलंस तर ते गप्प बसतील, आणि बाबा गप्प बसले म्हणजे त्यांना पटलं, हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. माझी जाड रजई आणि त्यांचे जुने गमबूट त्यांच्याकडून माग. गमबूट त्यांनी आपणहून काढून दिले तर मला तसं कळव.

तिसरा ता. क. तारीख. मी वर्षभर तलाव कधी दिसतो ते बघत हिंडलो. काल खोली झाडताना लक्षात आलं, की तुला तलाव कुठे बघायचाय? तुला झोपायचंय. एकोणतीस वर्षं कोणीतरी घंटा वाजवली की तू उठतेस. तेव्हा पावसाळ्याचा दुसरा महिना लिही. त्या दिवसांत इथे फोन लागत नाही, दहापर्यंत कोणी उठत नाही, आणि समोर बघण्यासारखं काही नसल्यामुळे ते बघायला चल म्हणून कोणी हाकही मारत नाही. चादरी मी शेगडीवर वाळवून ठेवीन. लॉजच्या बाहेर घंटेची दोरी आहे, ती मी आठ दिवस वर बांधून ठेवायची परवानगी मालकीणबाईंकडून घेतली आहे. पुसून टाकता येणार नाही अशा शाईने तारीख भर.