राहणार उमरी, झोपणार नांदेड

कार्तिक वद्य पंचमी, नांदेड. संध्याकाळ.

डोकं उठलंय! हैदराबादचा हुकूम आहे, बाजारात कामाला येणारी माणसं रोज कुठून, कशी येतात ते विचारा. गरज दिसली तर सकाळची एक जादा गाडी सोडतील म्हणे.

अडतीवरच्या तोलदाराला विचारलं, "राहता कुठं?"

"उमरीला."

मी खूश. "मग रोज कशानं येता?"

"रोज कशाला येऊ? पोळ्याला घरी जाऊन आलो की."

कोपऱ्यात त्याची वळकटी! "अहो, मग राहता इथंच!"

"न्हाई, हितं निस्तं झोपतो."

शिंपी करीमचाचा धर्माबादचे. त्यांचीही वळकटी मशीनखाली. सगळ्या बाजाराची हीच तऱ्हा. आता गाडी मागू कुणासाठी?

कचेरीत येऊन पेशकारसाहेबांपुढं तणतणलो, "साधं राहतो कुठं तेही सांगता येत नाही या लोकांना!"

ते हसले. "और आप? आप कहाँ रहते हैं?"

"हदगावला," मी ताडकन बोललो.

हे लिहितोय तेही वळकटीला टेकूनच. इतकी वर्षं नांदेडच्या या खोलीत काढली, पण एक खाट घ्यावी असं कधी मनातसुद्धा आलं नाही.