नारळाचं पाणी

क्षमा,

फोनवर तोंडातून निघत नाही, म्हणून लिहून राहिलो. तू परत पाठवलेला लॅपटॉप अजून बंदच आहे. इथल्या शंकर नगरचा सर्विस सेंटरवाला म्हणते, "भैया, अंदर पानी गया है, वारंटी में नहीं बनेगा." कंपनीले फोन लावला तर अर्धा तास नुसतं गाणं वाजलं. सोमवारी तुझी परीक्षा आहे, मले जेवण जाऊन नाही राहिलं.

खराब तर तो दुकानातच होता. माह्यासमोर दोनदा बंद पडला. दुकानदार म्हणे, "नया है, सेट हो जाएगा." तेच डोक्यात बसलं, वाटलं पूजा केली की सेट होईन. मी कामाले जातो त्या उरला भागातल्या मिलमध्ये नवी मशीन आली की कुंकू लावतात, नारळाचं पाणी शिंपडतात. तुले पाठवायच्या आधी मी खोलीवर तसंच केलं. चार थेंब बटनांमधून आत गेले. मी गमछ्यानं पुसलं अन् खोक्यात भरून तुले पाठवून देला.

आता कंपनीशी कोणत्या तोंडानं भांडू? आत कुंकवाचा लाल डाग आहे.

काल तू फोनवर रडत विचारलं, "दादा, माह्याच हातून पाणी सांडलं असन का गा?"

मी म्हटलं, "आठवून पाह."

तुझा दादा,
बंडू