जर्दाळूच्या खळ्याची वाटणी

मी झेलिहा, मरहूम इझ्झेत यांची बायको, राहणार मालात्याजवळचं खालचं गाव. गुडघे गेले, पण डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने समोर येऊन बोलावं. अल्लाला स्मरून, कोणाच्याही दाबाखाली न येता, नोटरीसाहेबांसमोर हे लिहवून घेते.

जर्दाळूची बाग विहिरीसकट माझी मुलगी गुलसुम हिला. बाग माझ्या बापाची; माझा दीर वेसेल याचा तिच्यातल्या एका पानावरही हक्क नाही. फळं झेलायच्या चादरी, लाकडी ताटं, शिडी, आणि या कागदातून दुसऱ्या कोणाला न गेलेलं सगळं तिलाच.

आता वेसेल. आमच्याकडे फळ नुसत्या उन्हात वाळतं. काळपट होतं, पण गोड लागतं. गंधकाची धुरी दिली की रंग केशरी राहतो, माल टिकतो. बेताने दिली तर माझं काही म्हणणं नाही. या मेल्याला बेत कुठला ठाऊक! रंग उठून दिसावा म्हणून दुप्पट गंधक जाळतो, खाणाऱ्याचा घसा चरचरतो. वर भरबाजारात म्हणाला, "वहिनीचे जर्दाळू की म्हाताऱ्या बकरीचे कान?" लोक खो-खो हसले. मी विसरलेले नाही.

मदतीला गेलेल्या माझ्या गुलसुमला त्याने धूर निघून जायच्या आत धुरीच्या खोलीत पाठवलं. "जा गं, आत काय वाघ बसलाय? ऊन चढतंय, ताटं काढ!" पोरगी तेव्हापासून खोकते आहे. माझ्या जनाज्यापाशी इमामसाहेब जमलेल्यांना रीतीप्रमाणे "हिला माफ केलंत का?" विचारतील, तेव्हा वेसेलने तोंड उघडू नये. माफी मी मागायची नाही, त्याने मागायची आहे.

बागेला लागून माझ्या नावाचं खळं आहे. फळ तिथे पसरतो, अर्धवट वाळलं की बी पिळून काढतो, चपटं करून पुन्हा उन्हात टाकतो. खळ्याशिवाय बाग फुकट. ओलं फळ लांब नेईपर्यंत आंबतं. तरी हे खळं वेसेलला देते आहे, आणि देताना जीव जळतो आहे. इझ्झेत मरताना म्हणाला होता, "खळं माझ्या भावाला दे, झेलिहा. शब्द दे." मी दिला. वेसेल तिथे धुरीची नवी खोली बांधणार म्हणून आत्ताच गावभर मिरवतोय. गुलसुमने फळ कुठे वाळवायचं, मला सुचत नाही.

नोटरीसाहेबांनी सगळं वाचून दाखवलं आणि ताकीद दिली, की साक्षीदाराला आणि त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला या कागदातून काही घेता येत नाही. पुढचं बोलणंही मीच लिहायला सांगितलं. वेसेलची बायको मेदिहा, माझी धाकटी जाऊ, सोबतीला आली होती. तिने विचारलं, "परत सांगा, साहेब. नवऱ्याला काहीच नाही?"

"काहीच नाही."

"जाऊबाई, शब्द तुम्ही दिला होता, तुम्ही पाळलात. मी कोणाला दिलेला नाही. आणा ते पेन इकडे."

स्थळ मालात्या, ३ ऑक्टोबर १९९८

लिहवून घेणार: झेलिहा (सही)

साक्षीदार:
नेव्झात, समोरचा भटारवाला (सही)
मेदिहा, वेसेलची बायको, स्वखुशीने (सही)