पाच गुंड्या कलावा

६ नोव्हें.
नाना खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून निसर्गावर घसरलेत. रविवारी शहपुऱ्याकडची गुहा. आत शिवलिंग आहे म्हणतात. पाहिलेला माणूस अजून भेटायचाय. म्हटलं, दोर हवा. नाना: "काहून? शास्त्रीजी, आपण का हिमालय चढून राहिलो?"
तोड मीच काढली. पूजेचा लाल दोरा, कलावा, गुहेच्या तोंडाशी बांधायचा, सोडत आत जायचं, धरून परत यायचं. नर्मदेच्या ग्वारीघाटावर पाच गुंड्या घेतल्या. दुकानदार: "इत्ता? घर में शादी है क्या?" स्वतःच्या बुद्धीचं कौतुक करत घरी.

१० नोव्हें.
काल लिहिता आलं नाही.
क्रमाने. पुरी-भाजीचा डबा आत न्यावा, असं नानांचं नि माझं मत. नानांच्या सौ., शालूवहिनी, आडव्या आल्या. "देवाच्या जागी खरकटं नाही करायचं." पिशवी बाहेर दगडावर. पायात चपला. टॉर्च एक, बाकी मोबाइल. घरी सांगून? 'जरा फिरून येतो', एवढंच. शिरताना मी प्रकाशावरचा एक श्लोक म्हटला. सेल आणले असते तर बरं.
पुढे नाना, मग मी दोरा सोडत, मागे वहिनी. दोन फाटे, पुढे आणखी दोन. चौथी गुंडी संपत आली नि नाना घसरले, पुरुषभर खाली. हाड मोडल्याचा आवाज मला वर ऐकू आला. टॉर्चही गेला.
"दोरा धरून जातो, माणसं आणतो," म्हणून वळलो. चाचपलं. दोरा नाही.
वहिनींनी पर्स उघडून मोबाइलचा उजेड पाडला. आत लाल दोरा, नीट गुंडाळलेला. तोंडाशी बांधलेली गाठ सोडून, गोळा करत आल्या होत्या. कानाशी पुटपुटल्या, "पूजेचा आहे हो भाऊजी. पायाखाली येऊन राहिला होता. यांना नका सांगू."
खालून नाना, "काय झालं?"
"तुटला."
वार्ताहर म्हणून माझं आजवरचं सर्वांत छोटं वार्तापत्र. आणि खोटं.
मग साडेतीन तास. मोबाइलला रेंज नाही, उजेडापुरते वापरले, एकेक करून विझले. नाना आधी विनोद करत होते, नंतर नुसते कण्हत.
वाचवलं म्हशी चारणाऱ्या बाईने. पिशवी पाहिली, बराच वेळ कुणी येईना, तेव्हा गावातून दोर नि माणसं आणली. मला म्हणाली, "खाना छोड़ के कौन इत्ती देर अंदर रहता है?"
आमच्यात शहाणं काही असेल तर ते बाहेर ठेवलेलं जेवण.

१३ नोव्हें.
नानांच्या घोट्यात धातूची पट्टी घातली. डॉ. म्हणतात, चालतील, घाटाच्या पायऱ्यांचं आत्ताच सांगता येत नाही. नाना रोज संध्याकाळी आरतीला ग्वारीघाटी उतरतात. उतरायचे.
वहिनी दवाखान्याच्या व्हरांड्यात. चहा गार. म्हटलं, "दोरा कुठेही असता तरी पाय घसरलाच असता. आणि दोराऐवजी दोरा ही अक्कल माझी."
"पडले ते पडले. पण साडेतीन तास कण्हले, ते माझ्यामुळे ना?"
डब्याचं सांगायला हवं होतं: त्यांनी तो बाहेर ठेवायला लावला, म्हणून सुटलो. सुचलं घरी आल्यावर, मग फोनवर सांगितलं.

१७ नोव्हें.
नागपूरहून संपादकांचा फोन. 'गुहेतले धोके' यावर मजकूर हवा, "स्वानुभव असल्यास उत्तम."
लिहिलं: खरा दोर, हेल्मेट, माणशी दोन दिवे, गावचा माहीतगार, परतायची वेळ बाहेर कुणाला तरी सांगून. एकही गोष्ट नव्हती आमच्याकडे. 'दोरा तुटला' या वाक्याशी आलो नि

२१ नोव्हें.
नानांकडे. पाय दोन उशांवर. हयात तपासणी खात्यात गेली, ती जाते कुठे!
"तो दोरा आण. ताणाने तुटला का घासून, टोक पाहिलं की सांगतो."
"राहिला असेल आत."
"अच्छा. आणि पेपरात काय लिहून राहिला? खरं लिही बाबा. ते वाचून कोणी आत जाईल."
स्वयंपाकघरातली भांडी थांबली. वहिनी बाहेर आल्या. हातात चहा नव्हता, पर्स होती. नानांच्या पायाशी बसल्या.
मी चपला शोधू लागलो.
"बसा भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "डब्याचंही तुम्हीच सांगा."
बसलो.