फणसाखालची राखीव जागा

१२ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस. हायवेवरच्या आमच्या थांब्यावर पार्किंगच्या पिवळ्या रेघा पुन्हा पुसट. रेघ दिसत असताना लोक गाडी तिरकी लावतात, न दिसल्यावर तर बोलायलाच नको. एका पाहुण्याने दोघांच्या जागेत एकच गाडी लावली, वर मलाच विचारतो, "तुमचा काय संबंध?" शिट्टी दाखवली. उभा जन्म एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेला, लाल गाड्या माझ्या शिट्टीवर मागेपुढे झाल्या, आता निवृत्तीनंतर इथलं पार्किंग सांभाळतो. हा कोण लागून गेला!

बायकांच्या संडासाचं पाणी दुपारी गेलं. संडास सांभाळणाऱ्या शबानाने मॅनेजरला फैलावर घेतलं. बरं केलं.

संध्याकाळी मेघनाचा फोन. आधी सौ.शी बराच वेळ, मग माझ्याशी. गणपतीला सासरी राजापूरकडे जाणार. यंदा गौरी पूर्वा नक्षत्रात येतायत, म्हणजे तिचा लग्नानंतरचा पहिला ओवसा, भरली सुपं गौरीपुढे ओवाळायची तो, यंदाच. पुढल्या वर्षी गणपती उशिरा, पूर्वा उलटून गेलेली असणार.

"बाबा, सुपं माहेरची लागतात."

  फोन सौ.कडे दिला.


१३ ऑगस्ट, बुधवार

झोप नीट नाही. सौ. पहाटेच उठून चुलीशी बसली होती.

मेघना आमची सून. नंदूची बायको. नंदू तापाने गेला त्याला तीन वर्षं होतील. ती आमच्यापाशीच राहिली, लेकीसारखी नाही, लेकच. या मे महिन्यात आम्ही दोघांनीच तिला पुन्हा बोहल्यावर उभं केलं. कन्यादान मी केलं. संदेश चांगला मुलगा आहे, पुन्हा पुन्हा लिहितो, चांगला आहे. मनू, आमची नात, आईबरोबर मुंबईला गेली. जायलाच हवी होती. तिची तीनचाकी पडवीत आहे, सौ. रोज पुसते. 

मेघनाला आईबाप नाहीत. एक मामा, तो दुसरं लग्न केलं म्हणून तोंड फिरवून बसलाय. मग माहेर कोण? आम्हीच की. पण तिच्या नव्या सासूबाई लग्नाला आल्या नव्हत्या, आम्हाला ओळखतही नाहीत, आणि त्यांनी सांगून टाकलंय, गेलेल्या नवऱ्याच्या घरची सुपं आमच्या गौरीपुढे नकोत, बाजारातून आणू. बाई वाईट नसेल. भीती वाटते माणसाला.

सौ. एवढंच म्हणाली, "पोरीची सुपं माज्याच हातची जातील. कशी ती तुम्ही बघा."


१७ ऑगस्ट, रविवार

मेघनानेच तोड काढली. संदेशला सगळं सांगितलंय, तो राजी. २६ तारखेला सकाळी त्यांची पांढरी गाडी आमच्या थांब्यावर येईल. सासूबाई चहाला बसतील, मेघना मनूला घेऊन बाथरूमच्या निमित्ताने मागे जाईल, सुपं घेईल. संदेश डिकीत ठेवेल. पुढचं पुढे. म्हणजे मनूही भेटणार. पाव तास का होईना.

मी म्हटलं, सुपं शबानाकडे ठेवू, संडासाच्या दाराशी तिची खोली आहे, तिथे सोयीचं. सौ. अशी उसळली! "देवाची सुपं संडासाच्या दारात? डोकं ठिकाणावर हाय ना?"

शेवटी हिरकणी कक्ष ठरला. लेकुरवाळ्या बायका बाळाला पाजायला बसतात ती खोली. स्वच्छ, पंखा, आतून कडी. शबाना म्हणाली, "काकींना तिथंच बसवा, मी बघते."


२३ ऑगस्ट, शनिवार

रत्नागिरीच्या बाजारातून पाच सुपं आणली. सौ.ने प्रत्येक उलटसुलट करून बघितलं, एकाचा काठ उसवलेला म्हणून मला परत पाठवलं. बदलून आणलं.

चाकरमानी सुरू झाले. आज दुपारपासून गाड्यांची रीघ. पार्किंग दोनदा फुल्ल. अशा वेळी माझी पद्धत ठरलेली: शिट्टी तोंडात, फोन मॅनेजरच्या केबिनमध्ये चार्जिंगला, आणि माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही. तोंडाकडे बघितलं की माणूस विनवण्या करतो, आपण विरघळतो, मागे किलोमीटरभर रांग लागते. चाकांकडे बघायचं. बंपरकडे बघायचं. डेपोत नवीन पोरांना हेच शिकवलं.


२५ ऑगस्ट, सोमवार

सौ.ने सुपं भरली. हळदीची पानं, काकडी, नारळ, केळी, खण, बांगड्या. वरून सुताचे वेढे. एका सुपात मनूसाठी चिक्क्या घातल्या, भाजलेल्या काजूच्या. म्हटलं, हे ओवशात चालतं काय? "नातीला चालतं."

मी संध्याकाळीच जागा धरली. रस्ता चौपदरी होताना वाचलेलं आमच्याकडे एकच झाड, फणसाचं. त्याखालची जागा सगळ्यात चांगली, सावलीची, हिरकणी कक्षाला लागून. दोन लाल कोन आणि मधे खुर्ची. मॅनेजर म्हणाला, "साहेब येतायत काय कोण?" म्हटलं, साहेबांपेक्षा मोठी.


२६ ऑगस्ट, मंगळवार

क्रमाने लिहितो. नाहीतर लिहिणं जमणार नाही.

सात वाजता सौ.ला घेऊन पोचलो. रिक्षात सुपं मांडीवर घेऊन बसली होती, खड्डा आला की ती नव्हे, सुपं जपायची. हिरकणी कक्षात तिला बसवली. फोन केबिनमध्ये दिला.

आठपासून गर्दी. नऊला पार्किंग फुल्ल. मी प्रवेशावर. पांढऱ्या गाड्या शंभर, सगळ्यांचे नंबर बघत होतो. फणसाखालची जागा सोडत नव्हतो. एकाने कोन हलवायला घेतला, त्याच्या अंगावर गेलो. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, गुडघे दुखतात हो. त्यांना नाही म्हटलं. मला शरम वाटली, पण नाही म्हटलं.

दहाच्या सुमाराला एक राखाडी गाडी, पिवळी नंबरप्लेट, भाड्याची, काळ्या काचा. थेट आत घुसत होती. शिट्टी मारली, हात केला, पुढे.

ड्रायव्हरने काच अर्धी खाली केली. "काका, लेडीज आहेत. बाथरूमला जायचंय."

"फुल्ल आहे. पुढे पंपावर सोय आहे."

"ती झाडाखाली रिकामी आहे ना?"

"ती राखीव आहे. घरच्या माणसांची आहे."

मागून हॉर्न. मी पुन्हा शिट्टी मारली. माझी नेहमीची, दोन आखूड एक लांब. गाडी गेली.

अकरा. बारा. पांढरी गाडी नाही. सौ.ला डबा नेऊन दिला, खाल्ला नाही. एक पोरगी तिच्याशेजारी बाळाला पाजत बसली होती, सौ. त्या बाळाला वारा घालत होती. मला बघून म्हणाली, "आली?" मी नाही म्हणून मान हलवली.

गर्दी ओसरली तेव्हा केबिनमध्ये गेलो. फोन घेतला. मेघनाचा मेसेज, सकाळी साडेसातचा.

"बाबा, संदेशला रजा नाही मिळाली, तो उद्या रेल्वेने येतोय. आम्ही रात्रीच भाड्याच्या गाडीने निघालोय. राखाडी आहे. सासूबाई पुढे बसल्यात. तुम्ही बघा हं."

तुम्ही बघा हं.

खाली बसलो. मॅनेजरने पाणी आणलं. फोन लावला, लागला नाही. मधे दुभाजक, परत फिरायचं तर पुढच्या कटपर्यंत जायचं, आणि सासूबाईंना काय सांगून फिरवणार गाडी? तोवर ती घाट उतरून गेली असणार.

सौ.ला सांगायला हिरकणी कक्षाच्या दाराशी किती वेळ उभा होतो माहीत नाही. शबाना आली आणि तिनेच सांगितलं.


२७ ऑगस्ट, बुधवार. चतुर्थी

गणपती आणला. आरती केली. तोंडाने शब्द म्हटले, एवढंच.

दुपारी मेघनाचा फोन. हळू बोलत होती, मागे भजनाचा आवाज.

"बाबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

म्हटलं, काच खाली का नाही केलीस गो? हाक का नाही मारलीस?

"करणार होते. सासूबाई म्हणाल्या, एसी जातो. आणि त्यांच्यासमोर हाक मारून काय सांगू? तुम्ही इतके जवळ होतात. मी काचेला हात लावून बसले होते."

 मग म्हणाली, "मनू झोपली होती मांडीवर. तुमच्या शिट्टीने उठली. म्हणाली, आबांची शिट्टी."

संध्याकाळी घरी आलो की फाटकाशी अशीच वाजवायचो, दोन आखूड एक लांब. पोर चड्डी सावरत धावत यायची.

"सासूबाईंनी विचारलं, कोण आबा? मी..." थांबली. "मी म्हटलं, स्वप्न पडलं असेल तिला."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नवीन घर आहे. मी स्वप्न तर स्वप्न. पण दिवसभर काळजात तेवढंच एक वाक्य घुसून बसलंय, निघत नाही.


२९ ऑगस्ट, शुक्रवार

   सुपं देवाच्या खोलीत, फळीवर. काकडी मऊ पडली, ती काढून सौ.ने नवी घातली. कुणासाठी? विचारायची हिंमत नाही.

मी म्हटलं, पहिल्या एसटीने राजापूरला जातो, सुपं दारात ठेवून येतो. सौ. म्हणाली,

"आगंतुक गेलांव तर तिच्याच माथी मारतील. र्‍हावंदे."

मग भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता, "आधी माणसाकडं बघायचं ओ. गाडीकडं मागनं."

एवढी वर्षं उलटं शिकवलं मी पोरांना. बसायला जागा राखून ठेवली आणि बसणारीला हाताने हाकललं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?


१ सप्टेंबर, सोमवार. गौरीपूजन

आज तिचा ओवसा झाला असणार. बाजारातल्या सुपांवर. झाला हे बरंच झालं, सुखी राहो.

सौ.ने आपल्या गौरीपुढे ती पाच सुपं नेली नाहीत. मी सुचवलं तर म्हणाली, "ती माजी नायत. तिची हायत." दार ओढून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला, नंदू गेला तेव्हासुद्धा असा आला नव्हता. तेव्हा मेघना होती तिला धरायला, आणि मनू रांगत होती.

ड्यूटीवर गेलो. फणसाखाली कोणाची तरी गाडी होती. असू दे. कोन कालच उचलले.

मला नंदूची इतकी आठवण आज का यावी? त्याला गाडी लावता येत नसे. मागे घेताना नेहमी माझ्याकडे बघायचा, आरशात नाही.


२ सप्टेंबर, मंगळवार

मेघनाचा फोन बंद. संदेशला लावला. आदबीने बोलला. उद्या दुपारी परत निघतायत, त्याच राखाडी गाडीने. सासूबाईही बरोबर.

म्हटलं, येताना आमच्याकडे... मग लक्षात आलं, येताना ते पलीकडच्या बाजूने येणार. आमचा थांबा गोव्याकडे जाणाऱ्या बाजूला. मुंबईच्या बाजूला थांबा नाही, सोय नाही, काही नाही. एक पत्र्याची शेड आहे, एसटीसाठी.

"आम्ही तिकडे शेडपाशी येऊन उभे राहू," मी म्हटलं. "दोन मिनिटं. सुपं देणार नाही, त्यांना नको असेल तर. पोरीला नुसतं बघू."

तो म्हणाला, "बघतो, बाबा."

चांगला मुलगा आहे. पण "बघतो" म्हणाला.


३ सप्टेंबर, बुधवार

रजा टाकली. शेडमध्ये बसून लिहितोय. पलीकडे आमचा थांबा दिसतो, फणस दिसतो. माझ्या जागी मॅनेजर स्वतः उभा आहे, शिट्टी वाजवता येत नाही त्याला.

सौ. शेजारी. सुपं आणायची नाहीत असं ठरलं होतं. आणली नाहीत. पदराखाली चिक्क्यांची पुडी आहे, मला दिसली.

परतीच्या गाड्या भरधाव. काळ्या काचा सगळ्यांना. राखाडी किती असतात हे आजवर कधी बघितलंच नव्हतं. मी पुढे जाऊन हात आडवा धरतो, काचेतून तोंड शोधतो. दोन थांबल्या. आत दुसरीच माणसं. एक बाई घाबरली.

मघाशी सौ. म्हणाली, "तुम्हाला काचेतनं काय दिसतंय? शिट्टी वाजवा."

"कुठल्या गाडीला?"

"सगळ्यांना वाजवा. ती ओळखील."

वाजवतोय. प्रत्येक राखाडी गाडीला, दोन आखूड एक लांब. लोक शिव्या घालून पुढे जातायत. घालू देत. पाऊस भरून आलाय, वही आत ठेवतो. वळणावर परत एक राखाडी