दाराखालची फट

भिलाई. मार्गशीर्षातला गुरुवार, संध्याकाळ.

सून वाचली, देवाची कृपा. चूक मात्र माझीच.

न्हाणीघरात गॅसचा गिझर मीच बसवला होता. जळालेला गॅस जायला वर नळी काढली, ताजी हवा यायला दाराखाली चार बोटं फट ठेवली. नव्यानं आलेल्या रेखाला त्या फटीतून पाय दिसतील याची लाज वाटायची, असं बायकोकडून कळलं. मी मुकाट्यानं फटीवर पट्टी ठोकली. सुनेचा मान राखला, असंच वाटलं मला. वर नळी होतीच की! पण आत ताजी हवाच आली नाही तर गॅस अर्धवट जळतो आणि विषारी वायू आतच साठतो.

आज पूजेआधी न्हायला गेली आणि आतच कोसळली. मुलानं दार तोडलं. दुपारी दवाखान्यातून घरी आणली.

"प्लांटमध्ये लोकांले गॅसची भीती शिकवता, अन् घरी?" बायको म्हणाली. मी डोळे पुसत पट्टी उपटायला बसलो.

रेखा मात्र म्हणाली, "बाबा, काहून रडून राहिले? माह्यासाठीच तर बुजवली ना तुमी फट."

तेच तर सोसवत नाही. पट्टी उपटली आहे. उद्या गिझर बाहेरच्या भिंतीवर नेतो, आत फक्त गरम पाण्याचा नळ. मग पट्टी पुन्हा ठोकीन.

पहिल्याच दिवशी एवढं का सुचलं नाही?